तावाचे रंग : लोखंड, प्रतिकृती आणि नागपूरची छोटी गाडी

सीताबर्डीच्या बाजारात एखाद्या जुन्या बुलेटच्या सायलेन्सरकडे थोडे थांबून पाहावे. इंजिनातून निघून नळी जिथे पहिले वळण घेते, तिथे क्रोमचा पांढरा चकचकीतपणा संपलेला असतो. आधी गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळा, मग मधासारखा तपकिरी, मग जांभळा आणि इंजिनाच्या अगदी जवळ मोरपिसाची आठवण देणारा निळा. हे रंग कोणी लावलेले नाहीत. कोणत्याही कारखान्याच्या रंगपत्रिकेत ते सापडणार नाहीत. गाडी किती तापली, कुठे तापली आणि किती वेळ तापली, याचा तो धातूने स्वतःच लिहून ठेवलेला जमाखर्च आहे. गॅसवर पाणी न घालता विसरलेल्या स्टीलच्या पातेल्याच्या बुडालाही हेच रंग चढतात आणि घरात कोणाकडून विसर पडला याचा वाद त्यावरून होऊ शकतो. तापाने उमटलेला रंग हा असा पुरावा असतो.

या रंगांची नक्कल करण्याची एक कला आहे. प्लॅस्टिकच्या किंवा पितळेच्या छोट्या प्रतिकृतीवर, जी कधीही तापलेली नाही आणि तापणारही नाही, तापलेल्या धातूचे रंग चढवायचे. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा छंद वाटेल. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष का द्यावे, असाही प्रश्न कोणी विचारील. परंतु अनुकरण, वास्तव आणि संकेत यांविषयी आपण वर्गात जे बोलतो, ते सारे या टीचभर कामात अतिशय उघडपणे समोर येते असा माझा अनुभव आहे. शिवाय नागपूरपुरते बोलायचे तर या छंदाच्या पोटात या शहराच्या इतिहासाचा एक तुकडा दडलेला आहे, आणि तो तुकडा आता झपाट्याने अदृश्य होत चालला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. धातूला दिलेल्या उष्णतेला मराठीत 'ताव' म्हणतात. लोहार लोखंडाला ताव देतो, ताव आला की घण मारतो, ताव गेला की पुन्हा भात्यापुढे धरतो. मिशीला द्यायचा तावही याच कुळातला मानता येईल. कागदाचा ताव मात्र दिसायला सारखा असला तरी त्याची येथे गल्लत करू नये. तापलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करणे म्हणजे त्याला 'पाणी देणे' किंवा 'पाणी पाजणे', आणि असे पाणी नीट चढलेले हत्यार ते 'पाणीदार'. माणसालाही आपण हेच विशेषण लावतो, तेव्हा लोहाराच्या शाळेतला धडा आपण नकळत म्हणत असतो. पण नुसते पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. ते पुन्हा हलके तापवून त्याचा ताठरपणा उतरवावा लागतो. ही दुसरी, सौम्य तापवणी करताना लोहाराजवळ तापमापक नसे. त्याच्याजवळ रंग होते. घासून लखलखीत केलेल्या पोलादावर साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसला फिकट गवती पिवळा रंग येतो, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या जवळ निळा. त्यापुढे तो निळा फिका पडून राखाडीत विरतो. वस्तऱ्याला पिवळा पुरे, छिन्नीला जांभळा हवा, स्प्रिंगला निळा. जुन्या भिंतीवरच्या घड्याळांचे निळे काटे आठवावेत. चांगल्या घड्याळांत तो निळा रंग दिलेला नसे, तर आणलेला असे.

रंग 'देणे' आणि रंग 'आणणे' यांतला हा फरक पुढे आपल्याला लागणार आहे.

हे रंग येतात कसे, याचे उत्तर शोधण्यात युरोपातल्या बुद्धिमंतांनी अडीचशे वर्षे घालवली. रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांच्या रंगांची चर्चा करताना तापवलेल्या पोलादाचा दाखला घेतला. न्यूटनने १७०४ मध्ये प्रकाशविषयक ग्रंथात पातळ पटलांच्या रंगांचे मोजमाप केले. एकोणिसाव्या शतकात तरंगसिद्धांत रुजल्यावर खुलासा सोपा झाला : तापलेल्या पोलादावर हवेतील प्राणवायूमुळे ऑक्साइडचा एक पारदर्शक थर चढतो; त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना भेटून काही रंग खोडतात, काही उठावाला आणतात. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावर आणि पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतो तोच हा खेळ.

येथे नागपूरचा एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन हे वित्त खात्याचे अधिकारी म्हणून १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात नेमणुकीवर होते. पुढे नोकरी सोडून ते कलकत्त्यात प्राध्यापक झाले, आणि १९२२ साली त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. विषय होता ताव दिलेल्या पोलादाचे रंग. पातळ थराचा रूढ खुलासा त्यांना पुरेसा वाटत नव्हता. पोलादावरचा तो थर सलग नसून कणाकणांचा असावा असा त्यांचा कल होता. पुढे थर धातूपासून सुटा करून त्याची जाडी मोजण्याच्या पद्धती निघाल्या आणि व्यतिकरणाचा जुना सिद्धांतच टिकला. या बाबतीत रामन यांचा तर्क मागे पडला, पण प्रश्नाचे मोठेपण कमी झाले नाही. गांधीसागर तलावाजवळ १९९२ पासून त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र उभे आहे. तिथे शाळांच्या सहली येतात, मुले आरशांपुढे वाकडीतिकडी तोंडे करतात. बाहेर उभ्या असलेल्या मोटरसायकलींच्या नळ्यांवर रामन यांचा एक प्रश्न उमटलेला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. (मलाही फार उशिरा कळले.)

या थराची जाडी किती असावी? निळ्या रंगाच्या वेळीही तो माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढाच असतो. म्हणजे तापाचा रंग हा इतिहासातला सर्वांत पातळ कागद आहे. गंजाचा पहिला हात फिरला की तो गेला. कोणी चिंधी आणि पॉलिश घेऊन आला तरी गेला. नागपूर जिल्ह्यात लोखंड वितळवणाऱ्या माणसांचा इतिहास अडीच हजार वर्षांहून जुना आहे. शहराच्या कडेला जुनापाणी येथील शिळावर्तुळे रिव्हेट-कारनॅक यांनी १८६७ मध्ये खोदून पाहिली, तेव्हा त्यांत लोखंडी वस्तू निघाल्या. टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथील उत्खनने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली, शां. भा. देव यांचे नाव त्यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे. नायकुंडला तर प्रत्यक्ष लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या मिळाल्या, मळी मिळाली. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्यांचे साज असे सारे हाती लागले. जे हाती लागले नाही आणि लागणेही शक्य नव्हते, ते म्हणजे त्या छिन्न्यांवरचे ताव. पेंच नदीकाठचा तो लोहार कोणत्या रंगाला आपली छिन्नी भट्टीतून बाहेर काढी, पिवळ्याला की जांभळ्याला, हे सांगणारा पापुद्रा मातीने केव्हाच खाऊन टाकला. वस्तू टिकली आणि तिच्यावर झालेल्या कामाचा रंग गेला. संग्रहालयातल्या गंजाच्या काळपट-तांबूस तुकड्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता जवळच्या काळाकडे येतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची रूळवाट १८६७ मध्ये मुंबईकडून नागपुरास पोहोचली. पूर्वेकडे छत्तीसगडात जाणारी नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी मीटरगेजवर धावू लागली, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. पण या कंपनीचे मला जिव्हाळ्याचे वाटणारे काम निराळे आहे. सातपुड्याच्या जंगलांत आणि डोंगरांत तिने अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या चिमुकल्या रुळांचे जाळे टाकले. गोंदियाहून नैनपूरपर्यंतचा भाग १९०३ मध्ये सुरू झाला, छिंदवाडा १९०४ मध्ये जोडले गेले, १९०५ पर्यंत गाडी जबलपुरास पोहोचली. पुढे नागपूरहून एक फाटा नागभीडकडे आणि एक सावनेर, सौसर, उमरानाल्यावरून छिंदवाड्याकडे गेला. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेली सीसी वर्गाची इंजिने या वाटांवर धावली. पुढे दोन जोड्या छोटी चाके, मध्ये तीन जोड्या मोठी, मागे एक जोडी, अशी त्यांची 'पॅसिफिक' धाटणी. वाफेच्या पाठोपाठ झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिने आली आणि नागपुरात मोतीबाग हे त्यांचे घर झाले. छिंदवाड्याची छोटी गाडी नोव्हेंबर २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये. दोन्ही ठिकाणी कारण एकच, मार्ग रुंद करणे. गाड्यांचा वेग वाढावा, डबे मोठे व्हावेत, याला विरोध कोण करील? त्या गाडीने रोज दूध, भाजी आणि कॉलेजची मुले नागपुरात आणणाऱ्या गावांना तर तो विरोध परवडणाराही नव्हता. परंतु जे गेले त्याची नोंद कोठे आणि कशी राहिली, हा प्रश्न वेगळा आहे.

मोतीबागेत २००२ साली नॅरोगेजचे संग्रहालय सुरू झाले, ही नागपूरकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. अशा संग्रहालयांची एक अडचण मात्र देशभर सारखीच असते. इंजिन उघड्यावर उभे असते. विदर्भाचे ऊन आणि मृगाचा पाऊस त्याच्यावर वर्षानुवर्षे पडत राहतो. ते टिकवायचे तर त्याला रंग दिलाच पाहिजे. म्हणून काळा रंग येतो, लाल पट्टा येतो, पितळ घासले जाते. इंजिन चालू असताना कधीही दिसले नसेल इतके देखणे ते मेल्यावर दिसू लागते. यात कोणाची चूक नाही, कारण रंग दिला नाही तर गंज इंजिनच खाऊन टाकील. पण त्या चकाकीखाली त्याच्या कष्टाच्या आयुष्याची लिपी पुसली जाते, हेही तितकेच खरे. धुरपेटीच्या दाराचा खालचा अर्धा भाग एकेकाळी भाजून पांढुरका-तांबूस झाला होता, बॉयलरवर उकळत्या पाण्याचे चुन्याचे ओघळ वाळले होते, ही माहिती आता त्या इंजिनाच्या अंगावर वाचता येत नाही.

आणि येथेच ती टीचभर प्रतिकृती कामाला येते. मूळ वस्तूला जे विसरायला लावले गेले, ते नकलेने लक्षात ठेवायचे.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत छोट्या आगगाड्या म्हणजे खेळण्यातल्या गाड्या किंवा कारखानदाराने गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने. दोन्ही लखलखीत असायचे, कारण दोघांनाही नवेपणच विकायचे होते. इंग्लंडात जॉन अहर्न यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून 'मॅडर व्हॅली' नावाची काल्पनिक रेल्वे उभारली, तिच्यातली घरे आणि गाड्या वापरलेल्या, थोड्या थकलेल्या दिसत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांनी आपल्या छोट्या रेल्वेचे नावच उच्चारायला 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असे ऐकू येईल असे ठेवले आणि धूळ, गंज, काजळी यांना मोडेलच्या विषयात मानाचे स्थान दिले. १९७३ मध्ये ॲलन वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांची ती प्रचंड मांडणी आगीत जळाली. जळल्याच्या खुणा रंगवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याच्या कामाचा शेवट असा व्हावा, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला भडक म्हटले असते. १९७० आणि ८० च्या दशकांत शेपर्ड पेन हे अमेरिकन आणि फ्रान्स्वा व्हर्लिंडेन हे बेल्जियन कलावंत यांनी रणगाडे आणि विमाने यांच्या मोडेलांत हीच दृष्टी नेली. आपल्याकडे पुण्याच्या कोथरुडात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये उघडले. तिथल्या गाड्यांचा हेतू धावणे आणि मुलांना थक्क करणे हा आहे, आणि तो हेतू ते उत्तम पार पाडतात. झीज दाखवणे हा तिथला विषय नव्हे.

तापलेला धातू रंगवण्याची रीत अशी. आधी प्लॅस्टिकवर चकचकीत काळा थर द्यायचा, कारण धातूच्या रंगाला चमक खालून मिळते. त्यावर पोलादी रंगाचा अगदी पातळ फवारा. मग पारदर्शक रंग : पिवळा, त्यावर थोडा पुढे सरकवून नारिंगी-तपकिरी, त्याच्या टोकाला जांभळा, शेवटी निळा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला हवा; काठ दिसला की सोंग उघडे पडते. क्रम चुकून चालत नाही. निळा नेहमी आगीच्या बाजूला, पिवळा नेहमी थंड बाजूला. निसर्गातही रंग पातळ पारदर्शक थरातूनच येतो आणि मोडेलवरही तो पारदर्शक थरांतूनच आणावा लागतो. दोन्हींची कारणे भिन्न असली तरी हे साम्य मला नेहमी सुखावते. ज्यांच्याजवळ एअरब्रश नाही ते भाजका निळा आणि भाजका लाल या नावांनी डबीत मिळणारी भुकटी स्पंजाने चोळतात. गेल्या वीसेक वर्षांत तर तयार रंगसंचांचा सुकाळ झाला आहे, आणि त्याबरोबर एक रोगही आला आहे, त्याविषयी लिहिण्यासाठीच खरे तर मी हा प्रपंच मांडला.

काही वर्षांपूर्वी मी सीसी वर्गाचे एक इंजिन प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून बनवायला घेतले. प्रमाण १:४८. या प्रमाणात अडीच फुटी रूळ जवळपास सोळा मिलिमीटरांचे होतात, आणि बाजारात सहज मिळणारे साडेसोळा मिलिमीटरांचे रूळ चालून जातात. महिनोन्महिने काम चालले. शेवटी रंगाची पाळी आली तेव्हा मी हौसेने धुराड्याच्या बुडाशी, धुरपेटीच्या कडेला, वाफेच्या नळ्यांवर निळा-जांभळा ताव चढवला. सुंदर दिसत होते. छायाचित्रे पाहून ओळखीच्या चार जणांनी 'अगदी खरे' म्हणून दादही दिली.

आमच्या वस्तीत एक वृद्ध गृहस्थ राहत. रेल्वेत फिटर म्हणून त्यांची हयात छोट्या गाड्यांच्या पोटाखाली गेली होती. त्यांना मी मोठ्या अभिमानाने इंजिन दाखवायला नेले. त्यांनी ते चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिले.

"सर, हे निळं काऊन केलं?"

"काका, धुरपेटी तापते ना. तापलेल्या लोखंडाचा रंग आहे तो."

"तापते तर खरी. पण धुरपेटीले निळा रंग येत नसते. तिथं काजळी, राख अन् गंज. निळं व्हायला लोखंड आरशावानी साफ लागते." मग थोडे थांबून म्हणाले, "निळं दिसलं का आमाले घाम फुटे."

त्यांचे म्हणणे समजून घ्यायला मला पुढचे अनेक दिवस लागले, आणि मग सारे लख्ख झाले. धुरपेटीतून तीनशे-चारशे अंशांचे वायू जातात हे खरे. पण तिचा पत्रा रंगवलेला, काजळलेला, खवल्यांनी भरलेला असतो. त्यावर पातळ पारदर्शक थराचा खेळ होऊच शकत नाही. दाराच्या तळाशी गरम राख साचते, दार नीट मिटले नाही तर फटीतून हवा शिरते, राख पुन्हा पेटते आणि त्या जागचा रंग भाजून आधी करडा, मग तांबूस होतो. हा धुरपेटीचा खरा ताव. इंद्रधनुष्य तिच्या नशिबी नाही. इंजिनावर घासलेले, उघडे पोलाद असते ते फक्त चालत्या भागांत : दांड्यांवर, खुंट्यांवर, आसांवर, चाकांच्या कडांवर. हे भाग तापणे अपेक्षितच नसते. तिथे निळा दिसला तर त्याचा अर्थ तेल संपले होते, बेअरिंगचा पांढरा धातू वितळू लागला होता, किंवा ब्रेक चाकाला चिकटून राहिला होता. म्हणजे निळा रंग हा इंजिनाच्या नित्याच्या कष्टाचा नव्हे, त्याच्या संकटाचा रंग आहे. स्टेशनात गाडी थांबली की ड्रायव्हर खाली उतरून हाताची उलटी बाजू पेट्यांना लावून पाही, ती याच भीतीपोटी.

मी जे केले होते ते खोटे होते, पण ते खरे दिसत होते. आणि खरे दिसत होते ते इंजिनाशी ताडून नव्हे, तर इतर मोडेलांशी ताडून. जेट विमानाच्या शेपटीकडचा धातू निळा-सोनेरी होतो, मोटरसायकलची नळी होते. तिथे धातू साफ असतो म्हणून ते रास्तच आहे. तिथून तो रंग 'तापलेपणाची खूण' म्हणून उचलला गेला, बाटलीत भरला गेला आणि जिथे तिथे लावला जाऊ लागला. निरीक्षणातून सुरू झालेली गोष्ट संकेत बनली. तुम्हा-आम्हाला हे नवे नाही. ग्रामीण कथेतली बोली पहिल्या पिढीच्या लेखकांनी कानाने टिपली. पुढे चारदोन ठरावीक क्रियारूपे आणि एखादी शिवी घातली की कथा 'अस्सल मातीतली' ठरू लागली. बोलणारा माणूस वऱ्हाडातला की माणदेशातला, हे विचारायचेही कोणाला सुचेना. वास्तववादाला खोटेपणापेक्षा अधिक धोका असतो तो अशा तयार वास्तवाच्या डबीचा. डबीतला रंग चुकीचा नसतो. तो चुकीच्या ठिकाणी असतो, आणि ते ठिकाण चुकीचे आहे हे सांगू शकणारी माणसे एकेक करून कमी होत जातात.

यावर एक आक्षेप संभवतो व तो मला हलका वाटत नाही. प्रतिकृती ही शेवटी पाहणाऱ्यासाठी असते. पाहणाऱ्याला निळा पाहून ताप कळत असेल तर निळा का नको? नाटकातले रक्तही खरे नसते. मला वाटते, हे कोणत्या प्रतिकृतीविषयी बोलतो आहोत यावर अवलंबून आहे. ज्याचे मूळ धावते आहे, त्याच्या नकलेने थोडी सूट घेतली तरी बिघडत नाही. शंका आली तर मूळ जाऊन पाहता येते. पण ज्याचे मूळ थंडावले, रंगवले गेले, ज्याचे रूळ उखडले गेले, त्याची नक्कल ही साक्ष असते. सावनेरच्या पुढे ती अडीच फुटी वाट आता नाही. तिच्या इंजिनावर राख कुठे साचत होती हे सांगणारी छायाचित्रे थोडी, आणि तीही बहुधा कृष्णधवल. उद्या कोणी माझ्या चुकलेल्या निळ्याकडे बोट दाखवून 'असे होते' म्हटले तर ते खोडायला कोण असणार?

मी धुरपेटी खरवडून काढली. काळा, करडा आणि विटकरी या तीन रंगांच्या भुकट्यांनी ती पुन्हा केली. दाराच्या खालच्या भागावर राखेचा पांढुरका अर्धचंद्र आणला. फोटोत ती आता काहीच दिसत नाही, एक मळकट डब्बा दिसतो. पूर्वी दाद देणाऱ्यांपैकी एकाने 'आधीचे चांगले होते' असे प्रामाणिकपणे कळवलेही.

काकांना पुन्हा दाखवले तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि निळा रंग उरला आहे का म्हणून विचारले. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवर आणि नागपूर तीनशे दहाच्या आसपास. वरून येणारी गाडी सातपुडा उतरताना ब्रेक लावत लावत येई. कधी एखाद्या डब्याचा ब्रेक सुटायचा राही. मग त्या एका चाकाची कड तापून तिच्यावरचे ग्रीस जळे, आणि कडेलगत बोटभर रुंदीचा निळा पट्टा उमटे. गाडी इतवारीला लागली की हातोडी घेतलेला माणूस आधी तो पट्टा शोधी.

"पण साऱ्या चाकाले नाही, सर. एकच. त्याच्या बाजूचं चाक साफ पाहिजे."

बोटभर म्हणजे दोन सेंटिमीटर धरले तर १:४८ च्या प्रमाणात अर्धा मिलिमीटरही होत नाही. सर्वांत बारीक कुंचल्याचे तीन केस ठेवून बाकीचे कापले आणि मागच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याच्या एका चाकावर तो पट्टा ओढला. डबा रुळांवर ठेवला की तो दिसत नाही. दिसायचा तर डबा उचलून, उलटा करून, खिडकीकडे धरावा लागतो.

काका २०२१ मध्ये गेले. चाक उजवीकडचे की डावीकडचे, हे त्यांना विचारायचे राहून गेले.